पॅनेलवर देव बसत नाही

"मॅडम, दगडूशेठला जाऊन मी पोस्ट मागितली तर ते न्यायाचं होईल का? माझा रूममेटही त्याच यादीत आहे. तोही मागणार. आणि जागा तर ठरलेल्या आहेत."

बीडकडच्या एका मुलाने अभिरूप मुलाखत संपल्यावर, खुर्चीतून उठता उठता मला हे विचारलं. महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी राज्यसेवेच्या मुलांच्या अशा मुलाखती घेते. शेवटच्या आठवड्यातले त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. टाय लावायचा का? उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं? पॅनेलने मुद्दाम डिवचलं तर चेहरा कसा ठेवायचा? या मुलाला मी त्या दिवशी "विचार करून सांगते" एवढंच म्हणाले. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांमध्ये हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, मोठ्याने कुणी विचारत नाही. म्हणून मला जे पटलं ते इथे मांडते.

आधी आकडे बघू, कारण मुलं आकड्यांतच जगतात. जुन्या पद्धतीत राज्यसेवेची मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची होती. वर्णनात्मक पद्धतीच्या नव्या योजनेत मुख्य परीक्षा १७५० आणि मुलाखत २७५, असे मिळून २०२५ गुण, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगासारखेच. ही नवी योजना लगेच नको, २०२५ पासून लागू करावी म्हणून याच मुलांनी २०२३ च्या सुरुवातीला अलका चौकात ठिय्या दिला होता. मुलाखतीला साधारणपणे पदांच्या तिप्पट उमेदवार बोलावतात. म्हणजे दारापर्यंत पोहोचलेल्या दर तिघांतले दोघं परत फिरणार, हे आत जाण्याआधीच ठरलेलं असतं. त्या तिघांपैकी एक सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला जाऊन आलेला असतो, एकीच्या आईने गावच्या देवीला ओटी कबूल केलेली असते आणि तिसऱ्याने पत्र्या मारुतीला शनिवार धरलेले असतात. देवाने ऐकायचं कुणाचं?

बुद्धिवादी माणसाचं उत्तर तयार असतं: कुणाचंच नाही, ऐकणारा आहे कुठे? १८७२ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रार्थनेचा उपयोग चक्क आकडेवारीने तपासला होता. राजांच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश चर्चमधून प्रार्थना करतो, तर राजे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगतात का, असा त्याचा प्रश्न होता. हिशेब उलटाच निघाला. तो लेख मी आदराने वाचते, पण या मुलाच्या कामी तो येत नाही. मुलाने प्रार्थना चालते का, असं विचारलंच नव्हतं. ती चालते असं तो गृहीत धरतो आणि तसं असेल तर ती योग्य आहे का, असं विचारतो. हा प्रश्न गॉल्टनच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, आणि जास्त सरळ मनाचाही.

कारण या मुलांना मुलाखतीत सगळ्यात जास्त भीती कशाची असते? वशिल्याची. लेखी परीक्षेत पेपर तपासणाऱ्याला नाव कळत नाही, मुलाखतीत नाव, गाव, आडनाव सगळं समोर असतं. आडनावावरून गुण कमी-जास्त होतील का, कुणाचा मामा कुठे बसला असेल का, ही धाकधूक प्रत्येकाला असते. आणि त्याच मुलाने देवाकडे जाऊन म्हणायचं की माझ्या नावापुढे दोन गुण वाढव! चालली तर ती प्रार्थना म्हणजे सगळ्यात मोठ्या साहेबाकडचा वशिलाच. रूममेटने तसा वशिला लावला आणि आपल्याला ते कळलं तर आपण त्याच्याशी बोलणं सोडू. मुलाला नेमकं हेच टोचत होतं, आणि ते टोचावं इतकं त्याचं मन स्वच्छ आहे, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मग मागूच नये का? इथे आमच्या घरातल्या दोन परंपरा मला वेगवेगळीकडे ओढतात. माझी आजी माळकरी. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव, तुकोबांची पालखी जाते त्या वाटेपासून जवळचं. आजीने आयुष्यात नवस केला नाही. नवसाने पोरं होतात या समजुतीवर तुकोबांनी ओढलेले कोरडे तिला पाठ होते आणि नवस करणाऱ्या शेजारणीला ती ते ऐकवायचीही. पण हीच आजी विठोबाकडे दिवसभर काहीतरी मागत असायची. पाऊस माग, गाय वेळेवर विऊ दे म्हण, माझ्या वडिलांची बदली जवळ होऊ दे म्हण. नवसात अट असते: तू हे दे, मग मी ते देईन. आजीच्या मागण्यात अट नव्हती. मिळालं नाही तर ती विठोबाशी भांडायची आणि दुसऱ्या दिवशी काकड्याला हजर असायची.

दुसरी परंपरा वडिलांची. ते शाळामास्तर, गीतेचे अभ्यासक. निष्काम कर्माचा उपदेश त्यांनी आम्हाला इतका केला की काही हवंसं वाटणं हाच कमीपणा आहे, असं लहानपणी वाटायचं. पुढे मी गीता स्वतः वाचली तेव्हा सातव्या अध्यायात थांबले. तिथे कृष्ण चार प्रकारचे भक्त सांगतो: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. अर्थार्थी म्हणजे काहीतरी मिळावं म्हणून देवाकडे आलेला. त्याला कृष्णाने हाकलून दिलेलं नाही. चौघांनाही तो पुण्यवान म्हणतो, उदार म्हणतो, आणि मग ज्ञानी मात्र माझा आत्माच आहे, असं वर सांगतो. म्हणजे ज्ञानी पुढे आहे हे खरं, पण पोस्ट मागायला आलेला मुलगाही त्याच ओळीत उभा आहे. पाच-सहा वर्षं घरापासून लांब काढून, मेसचं पातळ वरण खाऊन, पोस्ट निघावी असं ज्याला वाटतं त्याने देवासमोर "मला काही नको" म्हणणं हे खोटं आहे. देवासमोर बोललेलं खोटं मला नवसाहूनही जड वाटतं.

टिळकांनी हेच वेगळ्या बाजूने मांडलं आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये पुण्यात छापलेलं 'गीतारहस्य' अजूनही मुलाखतीच्या मुलांच्या टेबलावर दिसतं, बहुधा न उघडलेलं. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे हेतू सोडून, आंधळेपणाने काम करायचं असा अर्थ नाही, हे टिळक पुन्हा पुन्हा बजावतात. फळाचा अंदाज बांधावा, तयारी फळाच्या दिशेनेच करावी. माझ्या वडिलांच्या निष्कामपणात ही बाजू सुटली होती, असं मला वाटतं.

तर मागावं. पण काय मागावं याचं उत्तर मला गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडलं, आणि ते सापडल्यावर मी मुलांची तयारीही त्या अंगाने घेऊ लागले. कोणतंही काम सिद्धीला जायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठानाचा अर्थ शंकराचार्य शरीर असा घेतात. आमची मुलं या पहिल्याच कारणाकडे बघत नाहीत. मुलाखतीच्या आदल्या रात्री चालू घडामोडींच्या नोट्स वाचत तीनपर्यंत जागतात आणि सकाळी आम्लपित्ताने चेहरा आंबलेला. मी सांगते, दहाला झोप, हा धर्म आहे. करणं म्हणजे इंद्रियं, आणि मुलाखतीत जिभेच्या आधी कानाचं काम असतं. प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर सुरू करणारा मुलगा प्रश्न ऐकतच नाही, पाठ केलेल्या उत्तराची जागा शोधत असतो. चेष्टा म्हणजे सगळी धडपड: अर्जात छंद म्हणून 'ट्रेकिंग' लिहिलंय तर सिंहगडाशिवाय आणखी कुठे गेलास, जिल्ह्यातली धरणं कोणती, पदवीच्या विषयातलं मूलभूत काय आठवतं, तालुक्यात टँकर कधी लागतात.

आणि दैव. आपण त्याला नशीब म्हणून मोकळे होतो. कोणतं पॅनेल मिळेल ते त्या दिवशीच कळतं, आधीचा उमेदवार फार चमकून गेला तर मागच्याचं फिकं दिसतं, हे सगळं आपण दैवात टाकतो. शंकराचार्यांनी मात्र या श्लोकावर लिहिताना दैव म्हणजे डोळे वगैरे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ लावला आहे. मला हा अर्थ फार आवडला, कारण त्याने माझी अडचण सोडवली. या अर्थाने देव पॅनेलवर बसलेलाच नाही. तो टेबलाच्या अलीकडे, ऐकणाऱ्या कानात आणि बोलणाऱ्या जिभेत आहे. तिथे तो माझ्या रूममेटच्या कानातही तितकाच असू शकतो. माझं काही काढून त्याला द्यावं लागत नाही. मी देवाकडे "मला नीट ऐकू येऊ दे, जे मला माहीत आहे ते वेळेवर आठवू दे" असं मागितलं तर शेजारच्या कॉटवरच्या मुलाचं काहीच कमी होत नाही.

बीडच्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याला एक कसोटीही दिली: तुझी प्रार्थना रूममेटसमोर मोठ्याने म्हणता येते का बघ. म्हणता आली तर बिनधास्त कर. तो म्हणाला, "मॅडम, पोस्ट मिळू दे हेपण मी त्याच्यासमोर म्हणू शकतो. तोही म्हणतो." मी म्हटलं, मग तेही माग. इच्छा सांगायला बंदी नाही. आई कमावती असो-नसो, मूल तिच्याकडे मागतं. ती देऊ शकेल का याचा हिशेब करून मूल मागत नाही. फक्त निकाल लागल्यावर तो देवाचा निकाल आहे, असं धरून चालू नकोस.

या शेवटच्या वाक्यावर मला जास्त बोलायचं आहे.

मुलाखतीची तयारी माणसाला एक सवय लावते. स्वतःची पात्रता सतत मांडत राहायची. तुम्हालाच का घ्यावं? तुमचं बलस्थान काय? शिक्षणात तीन वर्षांचा गॅप का? प्रत्येक प्रश्नाला मी लायक आहे असं उत्तर द्यायचं. कामासाठी हे करावं लागतं आणि मी ते करून घेते. पण ही सवय हळूहळू देवघरात शिरते. मुलं देवापुढेही मुलाखत द्यायला लागतात. मी इतके तास अभ्यास केला, एकादशी मोडली नाही, मोबाईल साधा वापरला, मैत्रिणीशी बोलणं बंद केलं, मग मला का नाही? ज्याला सगळं आधीच माहीत आहे त्याच्यापुढे अर्ज भरत बसायचं, आणि मग निकाल नकाराचा आला की अर्थ एकच उरतो: देवानेच मला नापास केलं.

२०२१ च्या जूनअखेरीस पुण्यातल्या एका तरुणाने आपलं आयुष्य संपवलं. त्याने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्व आणि मुख्य परीक्षा दिली होती, उत्तीर्णही झाला होता, मुलाखत मात्र लांबतच चालली होती. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे चेहरे मात्र मला आठवतात. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गावाकडे सगळे म्हणतात देव परीक्षा बघतोय." मी तिला जवळ बसवून सांगितलं, देव परीक्षा बघत नाही. परीक्षा आयोग बघतो. आयोगाचे लोक माणसं आहेत, कामात उशीर करतात, चुकतात, कधी फार चांगले असतात. त्यांच्या निर्णयावर आपण आंदोलन करू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो, माहिती अधिकारात गुण मागू शकतो. देवाच्या नावावर तो निर्णय टाकला की भांडायचा हक्कही जातो आणि आधारही जातो. ज्याच्याकडे रडायला जायचं त्यालाच न्यायाधीश करून ठेवलं, तर निकालाच्या रात्री या मुलांनी जायचं कुठे?

पुण्यातल्याच एका जुन्या अर्जाची गोष्ट मी मुलांना सांगते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. १९१५ च्या जानेवारीत गांधी आफ्रिकेहून परतले आणि पुण्याला आले. गांधींनी समाजात यावं ही गोखल्यांची मनापासूनची इच्छा होती, पण सभासदांना शंका होत्या. यांची मतं वेगळी, पद्धती वेगळ्या, आपल्याशी जमेल का? गोखल्यांनी गांधींना सांगून ठेवलं की सभासदांनी तुम्हाला रीतसर घेतलं न घेतलं, माझ्या लेखी तुम्ही सभासदच आहात. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. गांधी शांतिनिकेतनातून पुण्याला आले आणि आता प्रवेश मागणं हे आपलं कर्तव्य मानून त्यांनी तो मागितला. सभासदांत दोन तट पडले. एका बाजूला ते हवे होते, दुसऱ्या बाजूला ठाम नको होते. समाजावर अवघड प्रसंग येऊ नये म्हणून गांधींनी समाजातल्या श्रीनिवास शास्त्रींना पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या प्रसंगाबद्दल लिहिलं ते कडवटपणाशिवाय. रीतसर सभासद न होण्यानेच समाजाशी आपलं नातं खरं झालं, असा त्यांचा भाव आहे.

मुलं लगेच म्हणतात, मॅडम, ते गांधी होते. बरोबर आहे. घरून महिन्याला पैसे येणं बंद होणार असेल तर अर्ज मागे घेण्याची चैन कुणाला परवडणार? मी ही गोष्ट त्यागासाठी सांगत नाही. गोखल्यांच्या त्या शब्दासाठी सांगते. समाजाने घेतलं नाही तरी तू माझा आहेस, हे आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असलं की माणूस अर्ज करायलाही घाबरत नाही आणि नकारानेही मोडत नाही. मला वाटतं, देवावर श्रद्धा असण्याचा मुलाखतीच्या मुलाला खरा उपयोग हा आहे. आणि देव न मानणाऱ्या मुलाला हा शब्द आईने, भावाने, रूममेटने द्यायला हवा. तो निकालाच्या आधी द्यायचा असतो. निकालानंतर दिला तर ते सांत्वन होतं.

हा शब्द मिळालेलं मूल टेबलापलीकडून ओळखू येतं. सांगोल्याची एक मुलगी माझ्याकडे यायची. "प्रशासनात का यायचंय?" या प्रश्नाला क्लासमधून आलेलं उत्तर द्यायची: समाजातल्या शेवटच्या घटकापर्यंत वगैरे. मी तिला फाईल मिटायला लावली आणि परत विचारलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला वडिलांनी घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी वडील घरी येऊन ढसाढसा रडले. मला त्या खुर्चीत बसायचंय. या उत्तरात रागही होता आणि हावही थोडी होती, पण ते तिचं होतं. सगळं माहीत असलेल्यापुढे खरं बोलायची सवय असेल, तर काहीच माहीत नसलेल्या अनोळखी माणसांपुढेही ते जमतं. म्हणून प्रार्थना ही मुलाखतीची तयारी आहे, असं मी आता मानते. रोज पाच मिनिटं, स्वतःची बाजू न मांडता बोलायचा सराव.

राहता राहिला आभारांचा प्रश्न, आणि इथे माझं मत काही लोकांना आवडत नाही. निकालानंतर टिळक रस्त्यावरच्या, शनिवार पेठेतल्या सभागृहांत सत्कार होतात. हार, फेटे, आई-वडील मंचावर. समोर बसलेली बहुतेक मुलं निवड न झालेली असतात. मंचावरचा मुलगा माईक हातात घेतो आणि म्हणतो, देवाच्या कृपेने मला यश मिळालं. त्याचा भाव नम्रतेचा असतो, मला ते कळतं. पण समोर बसलेल्याला त्यातून काय ऐकू येतं? तुझ्यावर कृपा झाली नाही. मी माझ्या मुलांना सांगते, हे वाक्य देवळात म्हण, हवं तर साष्टांग घाल, पेढे ठेव. मंचावर म्हणू नकोस. मंचावर बाकीच्या चार कारणांचा हिशेब दे. अठराव्या अध्यायात पुढे हेही आहे की जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची आहे. तेव्हा मेसच्या ज्या मावशींनी दोन महिने बिल थांबवलं त्यांचं नाव घे, ज्याच्या नोट्स वापरल्या त्याचं घे, धाकट्या भावाने कॉलेज सोडलं असेल तर तेही सांग.

सांगोल्याच्या मुलीने ऐकलं. सत्काराला ती उठली आणि आधीच्या अपयशांची वर्षं तिने सांगितली. त्या वर्षांत घरून किती पैसे आले ते आकड्यात सांगितलं, वडील समोर मान खाली घालून बसले होते. मग पॅनेलने विचारलेला आणि तिला न आलेला एक प्रश्न तिने सांगितला. महसूल कायद्यातल्या अपिलाच्या मुदतीबद्दलचा होता. "माहीत नाही सर" म्हणून ती गप्प बसली होती. कार्यक्रम सुटल्यावर मुलं तिच्याभोवती जमली ती त्या प्रश्नासाठी, आणि दोघांनी तिथेच वह्या काढून कलमाचा क्रमांक लिहून घेतला.